खदानीतल्या बायांचा फोटो

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे मला आजवर परीक्षेतलंच ठाऊक. इतिहास मंडळाबद्दल खरं तर आमच्या सरांनी लिहायला हवं. ते निवृत्त शिक्षक, मंडळ त्यांनीच उभं केलं. पण ते म्हणाले, "त्या फोटोचं तूच लिही, बाबू. मले नाई जमणार." म्हणून लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मंडळ म्हणजे तुमसरातल्या एका बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या. पहिल्या खोलीत धान मोजायच्या लाकडी पायल्या, बैलांच्या घंटा, बांबूच्या टोपल्या. दुसरीत खदानीच्या वस्तू. रविवारी आम्ही तीन-चार पोरं सरांबरोबर गावोगाव जाऊन वस्तू मागून आणायचो, पुसायचो, त्यांच्याखाली माहितीच्या चिठ्ठ्या लावायचो. माझं अक्षर बरं, म्हणून चिठ्ठ्यांचं काम माझ्याकडे.

दुसऱ्या खोलीच्या भिंतीवर तो मोठा फोटो आहे. चिखला गावच्या खदानीवर मँगनीजचे ढेले फोडून निवडणाऱ्या नऊ बाया जेवणाच्या सुट्टीत बसल्या आहेत. आठ जणी हसताहेत, आणि एकीचीही नजर कॅमेऱ्याकडे नाही. सगळ्या उजवीकडे कुठेतरी बघताहेत. नववी वाकून डोक्यावरच्या टोपलीसाठी चुंबळ गुंडाळते आहे. तिची नुसती पाठ दिसते.

या बाया कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग सरांनी ठरवलं, जो ओळखेल त्याने चिठ्ठी लावावी. चिखल्याच्या लोकांनी लावल्या त्या अशा: "ढोलकीवाल्याची सासू." "शेवटच्या चाळीतली, भजे करायची ती." सर आधी वैतागले. मग त्यांच्या लक्षात आलं की खदानीच्या चाळीत कुणी कुणाला नावानं ओळखतच नव्हतं. म्हणाले, राहू द्या, हाच त्यांचा इतिहास.

माझी आई चिखल्याची. लग्नाआधी ती याच कामावर होती. मी तीन वर्षांचा असताना ती गेली. घरी तिचा एकच फोटो आहे, मतदार कार्डावरचा, आणि त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. मला तिला हसताना पाहायचं होतं. कुणी नसताना मी ते कार्ड एकेका चेहऱ्याशेजारी धरून पाहिलं. आठ जणींत ती नव्हती. उरली पाठमोरी.

एका रविवारी बाबांना आमच्या गावाहून, करडीहून घेऊन आलो. देवळात शिरावं तशा त्यांनी दाराशीच चपला काढल्या.

"एवढा मोठा काहून केला फोटो?" एवढंच आधी म्हणाले. मग बराच वेळ पाठमोरीसमोर उभे राहिले. "थे अशीच बसे. वाकून."

"म्हणजे आईच ना?"

"पाठीवरून कसा सांगू?" पण चपला घालताना, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "लाव चिठ्ठी."

मी लावली. "करडीच्या मुलाची आई." माझी आजवरची सगळ्यात सुंदर अक्षरं त्या चिठ्ठीवर होती. पुढचे कितीतरी रविवार मी आल्याबरोबर आधी तिच्याकडे बघायचो.

मग एकदा चिखल्याच्या एक काकू आल्या. चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "हे कोणी लिहिलं? हे पाठमोरी तं आमची मोठी आई, थे करडीले कधी दिली होती? मले तं कोणी लग्नाले बोलावलं नाई."

सगळे हसले. मीही हसलो, आणि उगाच शेजारची चिठ्ठी सरळ करायला लागलो. सरांनीच त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. त्या परत आल्या तेव्हा आवाज उतरला होता.

"कोणाची होती रे तुही माय?"

"पंपवाल्याची लहान मुलगी."

"मी तवा लहान पोरगी, मले नाई आठवत. पण मोठी आई आहे अजून. कानानं कमी आयकते, बाकी सारं आठवते तिले. विचारून सांगीन." त्यांनी मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढला, माझा नंबर घेतला. त्या गेल्यावर मी चिठ्ठी काढली. फाडवली नाही. वहीत ठेवली.

दिवाळी गेली. मध्ये मी दोनदा फोन केला. एकदा मोठी आई लेकीकडे गेलेली, एकदा तापानं पडलेली. तिसऱ्यांदा करायला लाज वाटली. परीक्षा झाली, धान कापायला घरी आलो. मी आणि बाबा धानाच्या बांधीत उभे होतो, पेंढ्या बांधत होतो, तेव्हा फोन वाजला. हात मातीचे होते म्हणून मी तो कडेच्या धुऱ्यावर ठेवून स्पीकर लावला. बाबा विळा घेऊन तसेच थांबले.

"बाबू, दाखवला फोटो मोठी आईले. पाठमोरी मोठी आईच आहे. पंपवाल्याची लहान या फोटोत नाई म्हणते."

मी "बरं" म्हणालो. आणि फोन बंद करायला हात पुढे केला.

"आयकून तं घे. फोटोत नाई, पण होती म्हणते तिथंच. उजव्या अंगाले उभी राहून मुकादमाची नक्कल करून राहिली होती. तिच्याकडंच पाहून साऱ्या हासून राहिल्या."