बर्फाच्या खणातली ठकठक

सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यावर जन्मलेला यादव गावित पोहायला शिकला नदीच्या डोहात. पण लग्नानंतर भात-नागली घरात आली की तो दरवर्षी गुजरातच्या बंदरावर मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा. कोरोनाच्या वर्षी त्याने आतेभाऊ मयूरलाही कामाला लावून दिलं. दोघांच्या बोटी वेगळ्या होत्या.

मासे घेऊन बोटी परतल्या तेव्हा बंदर बंद झालं होतं. गस्तीच्या लाँचवरून भोंग्यातून सांगितलं गेलं, की कोणी किनाऱ्यावर उतरायचं नाही आणि एका बोटीवरच्या माणसाने दुसऱ्या बोटीवर जायचं नाही. नांगर टाकून सगळ्या बोटी बंदराबाहेरच थांबल्या. पाणी आणि तांदूळ एक होडी लांबूनच दोराला बांधून द्यायची. किनाऱ्यावरचे दिवे दिसायचे, देवळाची घंटा ऐकू यायची, पण धक्क्यावर माणूस म्हणून दिसायचा नाही.

मयूरची बोट हाकेच्या अंतरावर होती. तो रोज कठड्याशी येऊन हात हलवायचा. मग तो दिसेनासा झाला. यादवने ओरडून विचारलं, तेव्हा पलीकडचा तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य माणूस, एवढंच म्हणाला की पोराला ताप आलाय, वेगळा ठेवलाय. वेगळा म्हणजे कुठे, ते त्याने सांगितलं नाही.

त्या दुपारपासून ठकठक सुरू झाली. वारा पडलेला, समुद्र तेलासारखा गुळगुळीत, आणि पाण्यावरून लाकडावर मूठ आपटल्यासारखा आवाज यायचा. तीनदा, मग थोडं थांबून पुन्हा तीनदा. यादवच्या बोटीवर सगळ्यांनी ऐकला. पलीकडचे खलाशी मात्र बोटीच्या दुसऱ्या टोकाला एकमेकांना चिकटून बसले होते आणि त्यांनी मोबाइलवर मोठ्याने गाणी लावली होती. दुसऱ्या दिवशी गाणी बंद पडली, बहुतेक बॅटरी संपली असावी. आवाज तसाच येत राहिला.

यादवला जेवण जाईना. शेवटी भर उन्हात त्याने पाण्यात उडी टाकली. त्याच्या तांडेलने मागून बजावलं, "गेलास तर परत घेणार नाय." यादवने वळून पाहिलं नाही.

पलीकडच्या बोटीवर तो चढला तेव्हा त्याला कोणी अडवलं नाही, कोणी जवळही आलं नाही. मासे ठेवायच्या बर्फाच्या खणाचं झाकण दोराने घट्ट बांधलं होतं. ठकठक त्याखालूनच येत होती. यादवने दोराला हात लावला आणि ती थांबली.

बर्फ केव्हाच वितळला होता. मयूर फळीवर उताणा पडला होता, डोळे अर्धे उघडे, ओठ फुटलेले. झाकण त्याच्यापासून पुरुषभर उंच होतं. त्याचा हात यादवने उचलला तर तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

यादवने त्याला वर आणलं, चमच्याने पाणी पाजलं आणि अंगातला लाल सदरा काढून हवेत हलवत राहिला. सूर्य कलताना लाँच आली. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी मयूरला नेलं. यादव त्याच बोटीवर अडकून पडला. पुढे बंदर उघडलं तेव्हा तो घरी आला. पाड्याने त्याला काही दिवस शेतातल्या झोपडीत ठेवलं, बायको भाकरी बांधावर ठेवून जायची.

मयूर पावसाळ्यात परतला, काठीसारखा वाळून. आईजवळ, सावित्रीबाईंजवळ, तो समुद्राचं नाव काढत नसे. एकदा भाताच्या आवणीत, रोपं लावून झाल्यावर, बांधावर दोघेच बसले होते, तेव्हा तो आपणहून बोलला.

"दादा, तुम्ही वरून ठोकीत होते ना, म्हणून मी तगलो. मला हात हलवायचं बळ नव्हतं. पन वर कोनीतरी हाय, एवढं कळायचं."

यादव चिखलाने भरलेल्या हातांकडे बघत राहिला. ती बोट, एका टोकाला गोळा झालेली ती माणसं, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

"हो," तो म्हणाला, "मीच होतो."

मयूर पुढच्या हंगामात पुन्हा बोटीवर गेला, दुसऱ्या मालकाच्या. यादव आता दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागेत कामाला जातो. भाताच्या कामाला माणसं जमली की कोणीतरी त्याला ती हकीकत विचारतं. तो उडी मारण्यापर्यंत सांगतो आणि उठून कामाला लागतो.