आतली काठी

शिरसाठकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीशी आलं की ते काउंटरवरून वाकून त्याच्या चपला निरखायचे आणि मनात आलं तर सरळ म्हणायचे, "जरा उलटी करून दाखवा." टाच कुठल्या बाजूनं झिजली आहे यावरून कुठला गुडघा दुखतो आणि माणूस ते घरच्यांपासून किती दिवस लपवतो आहे, हे ते सांगत. बहुतेक वेळा बरोबर सांगत. नाशिकला द्वारका चौकाच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली होती. काठ्या, कुबड्या, वॉकर, कमरेचे पट्टे असा सगळा माल छतापर्यंत टांगलेला. बाहेर पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. लोक त्याला 'प्लास्टरवाल्यांचं दुकान' म्हणत, कारण निवृत्त होईपर्यंत काका इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत कामाला होते.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा घाईत होते. सिन्नरच्या वाटेवर आमचं गाव. तिथं झेंडूची पाटी घेऊन बांधावरून उतरताना आई पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वॉकर आणायला सांगितला. मी कचेरीत कारकून. कुठलीही वस्तू घ्यायची तर मोबाईलवर दहा ठिकाणी बघायचं, लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायचं आणि मग दुकानात जाऊन दुकानदारालाच चार गोष्टी शिकवायच्या, ही माझी जुनी खोड. त्या दिवशीही मी ऐटीत म्हटलं, "चाकांचा दाखवा. ब्रेकवाला. मध्ये बसायला गादी असते तो."

"पेशंट कुठंय?" काकांनी विचारलं.

"दवाखान्यात. मी आलेय ना."

"तुमचा पाय मोडलाय का?"

"नाही."

"मग तुम्हाला देऊन काय करू? त्यांना घरी आणलं की फोन करा. मी येऊन माप घेतो."

वॉकरचं माप? "मला वॉकर हवाय, ब्लाउज शिवायचा नाहीये," असं म्हणून मी तरातरा खाली उतरले. पुढच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानातून मला हवा होता तस्साच वॉकर आणला. दिसायला तो फारच देखणा होता. आईला माझ्या फ्लॅटवर आणलं, तिनं त्याच्या मुठी धरल्या, भार दिला, आणि तो गुळगुळीत फरशीवरून तिला मागं ठेवून एकटाच पुढे निघाला. मी मागेच उभी होते म्हणून आई माझ्या अंगावर आली, जमिनीवर नाही.

मी मुकाट्यानं काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्कूटरवरून आले. खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात टेप, पाना, करवत आणि काठीच्या बुडाला लावायची रबरं. माझ्या देखण्या वॉकरकडे त्यांनी बघितलं.

"छान आहे," ते म्हणाले, "भाजी आणायला न्या."

एवढंच बोलले. पण असे हसले की माझी सगळी हुशारी तिथल्या तिथं जिरली.

मग त्यांनी साधा, बिनचाकांचा वॉकर उघडला. आईनं घरात घालायची तीच चप्पल पायात घालून तिला सरळ उभं केलं आणि हात सैल सोडायला सांगितले. "मनगटाची घडी जिथं येते तिथं मूठ आली पाहिजे, आक्का. वर गेली तर खांदे चढतात, खाली गेली तर माणूस वाकतो आणि मग घरचे म्हणतात, म्हातारी झाली. म्हातारी नाही झाली, वॉकर बुटका झाला." पायावर किती भार द्यायला परवानगी आहे हे त्यांनी मला आधी डॉक्टरांना फोन करून विचारायला लावलं. मग आईला पाठ करून दिलं: आधी वॉकर पुढे, चारही पाय टेकले की दुखरा पाय, मग चांगला. वॉकरला धरून खुर्चीतून उठायचं नाही, खुर्चीचे हात दाबून उठायचं. माझ्या घरातली सगळी पायपुसणी त्यांनी स्वतः गोळा करून बाल्कनीत फेकली. आईच्या लुगड्याचा घोळ घोट्याच्या वर खोचायला लावला. "वस्तू एकटी काही करत नाही," ते म्हणाले. "वस्तू, चप्पल, फरशी आणि कापड, चौघांचं जमलं तर माणूस उभा राहतो."

काकांना हे वेडच होतं. एकदा त्यांच्या दुकानासमोर आम्ही चहा पीत असताना एक म्हातारबुवा रस्त्यानं चालले होते. वणीला देवीच्या गडावर जाऊन आलेले, हातात तिथंच घेतलेली लांबलचक वेताची काठी आणि तीही दुखऱ्या पायाच्याच हातात. काका अर्धा कप टाकून धावले.

"ओ बाबा, हात बदला. काठी चांगल्या पायाच्या बाजूला."

"पर दुखतोय ह्यो पाय!"

"म्हणूनच."

बुवा चार पावलं चालून बघेपर्यंत काकांनी करवत काढली होती. ती बघून बुवा ओरडले, "आवो, देवीच्या दारची काठी हाय ती!"

"देवीला आखूड चालते," काका काठीवर खूण करत म्हणाले. "तुमच्या खांद्याला लांब चालत नाही."

कापली, खाली नवं रबर बसवलं आणि बजावलं, "रबर गाडीच्या टायरसारखं बघत जा. नक्षी गेली की बदला." बुवा चालत गेले ते मागं वळून वळून बघत.

मी एकदा विचारलं होतं, एवढा जीव का टाकता? काका म्हणाले, "प्लास्टरच्या खोलीत मी प्लास्टर कापून हजारो पाय मोकळे केले, ताई. प्लास्टर उतरलं की लोक हसत घरी जायचे. आणि काही जण पुन्हा स्ट्रेचरवरून यायचे. घरात कुणाची तरी जुनी काठी होती म्हणून दिली, असं म्हणायचे. कुणाचा जुना जोडा घालतो का आपण मापाशिवाय?"

तीन महिन्यांत आई माझ्या घरात छान फिरू लागली. डॉक्टरांनीही पायावर पूर्ण भार द्यायला सांगितलं. ती गावी परत गेली आणि महिन्याभरात भावजयीचा दुपारी फोन आला. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडली होती. नशिबानं हाड मोडलं नव्हतं. पण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता पुन्हा पडल्या तर कायमचं अंथरूण धरतील, हे लक्षात ठेवा."

ते आमच्या सगळ्यांच्या इतकं लक्षात राहिलं की आम्ही आईला उठूच देत नव्हतो. "आई, तू बस" हा घरातला मंत्र झाला. पाणी हातात, ताट हातात, देवाची फुलंसुद्धा खाटेवरूनच ती दुसऱ्याच्या हाती द्यायची. पहाटे उठून देवपूजा आणि पहिली भाकरी स्वतः करणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. पंधरा दिवसांत तिचं पाऊल घसरत, लटपटत पडू लागलं. आई चालणार की अशीच पडून संपणार, एवढाच प्रश्न उरला होता, आणि आम्ही प्रेमानं तिला दुसऱ्या बाजूला ढकलत होतो.

मी काकांकडे जाऊन रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग विचारलं, "पडल्या तेव्हा वॉकर कुठं होता?"

"उंबऱ्याच्या बाहेर. विसरली असेल आत न्यायला."

"तीन महिने तुमच्याकडे विसरल्या नाहीत आणि स्वतःच्या घरात विसरल्या? रविवारी जाऊ."

रविवारी आम्ही गावी गेलो. आत शिरताना काका थांबले. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, जिथं आम्ही सगळे चपला काढतो, तिथं चपलांच्या रांगेत वॉकर नीट लावून ठेवला होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग खाटेजवळ स्टूल ओढून बसले.

"आक्का, हा तिथं का ठेवलाय?"

"असंच."

"माझा माल वाईट आहे का?"

"नाय वं भाऊ."

"मग?"

आईनं पदर तोंडाशी धरला. "त्यो न्हाणीत जातो, संडासात जातो. माझा देव सैपाकघरात हाय. देवापुढं त्याला कसा आणू?"

माझा भाऊ खो-खो हसायला लागला. "आई, काय पण तुझं! धुऊन घ्यायचा की!"

"हसू नका," काका त्याला म्हणाले. इतक्या तुटकपणे मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

मला मात्र हसू आलं नाही, लाज वाटली. माझ्या फ्लॅटमध्ये देव हॉलमधल्या कपाटात होते आणि स्वयंपाकघरात मी तिला पाऊल टाकू दिलं नव्हतं. म्हणून तीन महिने हा प्रश्नच आला नाही. आणि इथं, ती रोज उंबऱ्याशी वॉकर सोडून, भिंत चाचपत, अनवाणी देवापर्यंत जात होती. इतकी वर्षं आम्ही तिच्या हातचं खाल्लं आणि आमच्यापैकी एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "मी आक्कांचं माप घेतलं, घर बघितलंच नाही."

परत जाताना मी स्कूटरपाशी त्यांना म्हटलं, "काका, तुम्हीच समजवा ना तिला. हे असलं काही नसतं म्हणून."

"मी नाही मानत हे. आमच्या घरात कधीच नव्हतं," ते म्हणाले. "पण पाय माझा नाही, त्यांचा आहे. मी वाद जिंकेन आणि त्या पडतील."

डॉक्टरांना विचारून घेऊन दोनच दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी बरोबर एक कोरी काठी होती, खाली चार छोटे पाय असलेली, आणि मागे पट्टा असलेली कोरी चप्पल. दोन्ही अजून कागदात गुंडाळलेल्या. कागद त्यांनी आईच्या हातानं उघडवला.

"आक्का, ही आतली काठी. हिनं न्हाणी बघितलेली नाही, बघणारही नाही. ही चप्पलही आतलीच. बाहेरचा बाहेर, आतली आत. चालेल?"

आई काठीकडे बघत राहिली. मग भावजयीला म्हणाली, "हळदी-कुंकू आन गं." काठीच्या मुठीला तिनं दोन बोटं लावली. काका हात बांधून शांत उभे होते. ती पूजा होती की मापाची शेवटची पायरी, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

भावाकडून त्यांनी दाराच्या चौकटीशेजारी भिंतीत पकडायचा एक पक्का दांडा बसवून घेतला. मग सुरू झाली कवायत. वॉकर टेकवायचा, दांडा धरायचा, बाहेरची चप्पल सोडायची, आतली घालायची, काठी घ्यायची, मगच उंबरा. आई चौथ्या वेळेला वैतागली. "आता लय झालं, भाऊ!"

"प्लास्टरच्या खोलीत मी फार बायकांच्या शिव्या खाल्ल्यात," काका म्हणाले. "तुम्हीही द्या. पण पुन्हा."

दुपारपर्यंत त्यांनी तिला सोडलं नाही. जाताना आम्हा सगळ्यांना बाहेर बोलावून दम दिला, "आजपासून यांच्या हातात पाणी दिलं तर बघा. माठ आत आहे, काठी आत आहे, तहान त्यांची आहे."

आठवड्यानं आईनं स्वतः देवाला फूल वाहिलं. महिन्यानं ओट्याशी उभं राहून एक भाकरी थापली. ती कडेला फाटलेली भाकरी मी नाशिकला डब्यात घेऊन आले आणि दुकानात काकांना दिली. त्यांनी तिथंच उभ्यानं, चहात बुडवून खाल्ली. दसऱ्यापर्यंत वॉकर गेला. बाहेरची एक काठी आली, आणि आई झेंडूच्या वाफ्याच्या कडेपर्यंत जाऊन तोडणाऱ्या बायकांना सूचना देऊ लागली. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

आता मी कुणासाठी काही घ्यायला गेले की मोबाईल पर्समध्येच ठेवते. भावजयीला कुकर घेताना आधी तिला तो भरलेला उचलायला लावला. मामांना बॅटरी घेताना त्यांच्या अंगठ्यानं बटण दबतं का ते बघितलं. वापरणारा कोण, त्याचं घर कसं आणि तो काय सांगायला लाजतो आहे, हे विचारल्याशिवाय मला वस्तू घेताच येत नाही. हे काकांचं देणं आहे. त्यांचे आभार मी कधी नीट मानले नाहीत, भाकरीवरच भागवलं, याची मला चुटपुट आहे.

गेल्या थंडीत काका दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मला चार दिवसांनी कळलं. फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला ने."

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली पोचल्यावर भाऊ आणि शेजारचे दोघे खुर्ची घेऊन तयार झाले, बसवून वर नेऊ म्हणाले. आईनं मान हलवली. एक हात कठड्यावर, एका हातात काठी. "वर जाताना चांगला पाय आधी," ती पुटपुटत होती, "मंग दुखरा आन् काठी." प्रत्येक वळणावर ती थांबायची, श्वास घ्यायची. मी हात पुढे केला की तो बाजूला सारायची. किती वेळ लागला कुणास ठाऊक. शेजारची माणसं दारं उघडून बघत होती.

दार काकूंनी उघडलं. त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. धापा टाकणाऱ्या, घामानं भिजलेल्या आईला बघून काकू घाबरल्याच. "अहो बाई, एवढे जिने कशाला चढलात? निरोप दिला असता तर मी आले असते खाली. नाहीतर या पोरांनी उचलून आणलं असतं."

आईनं चौकट धरली. श्वास जागेवर येईपर्यंत थांबली.

"मला चालती त्यांनी केली," ती म्हणाली. "त्यांच्याच दारात मी उचलून आणलेली येऊ का?"