मेघाच्या पत्रिकेवरचं वॉर्निश

ऑक्सिजनला उठता-बसता शिव्या घालणारी आमची मेघा ऑक्सिजन लावलेल्या बेडवरच गेली.

आज वर्ष झालं.

मेघा माझ्या धाकट्या भावाची लेक. बेंगळुरूला एका लॅबमध्ये रिसर्च करायची.

"काय करतीस गं तिथं?" विचारलं की म्हणायची, "आप्पा, प्रकाश पाडून पातळ थर घट्ट करते."

"म्हंजे उन्हात पापड वाळवतीस!"

"तसंच समजा. खरं माझा पापड नुसता वाळत न्हाय, आतनं साखळीगत जोडला जातोय."

निपाणीत माझं छपाईचं छोटं दुकान. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं हात काळे करून शिकलो. तिच्या लग्नाच्या पत्रिका मी नाहीतर कोण छापणार?

हौसेनं यूव्ही वॉर्निश मारलं, खास दिव्याच्या उजेडात सुकणारं. अगदी पातळ. दिव्याखालून पहिली पत्रिका काढली, देवापुढं ठेवली आणि हळदी-कुंकू वाहिलं.

कुंकू चिकटलं ते चिकटलंच. पुसायला गेलो तर पत्रिकेवरचा गणपती लालभडक!

मेघा पोट धरून हसली.

"देवाला लई घाई झालती व्हय, आप्पा? अजून वरनं चिकट हाय ते. हवेतला ऑक्सिजन आत शिरतोय आणि साखळी जुळायला लागली की तिचं टोकच धरून बसतोय मेला."

"मग जाड थर कसा सुकतोय?"

"त्याचा वरचा पापुद्राच तेवढा बिघडतोय. पातळ थर म्हंजे सगळा पापुद्राच की!"

मग तिनं ओल्या वॉर्निशवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अलगद बसवला. बोटानं हवा काढली. दिवा मारला. कागद सोलला.

आरसा नुसता!

बाकीच्या सगळ्या पत्रिका आम्ही दोघांनी तशाच केल्या. गप्पा मारत, चहा पीत.

वाटायला निघणार तोच तिला न्यूमोनिया झाला. बेळगावात अ‍ॅडमिट केलं. लग्न पुढं ढकलूया म्हटलं, तर मास्क बाजूला करून म्हणाली,

"वाटा हो आप्पा. उठते की मी."

तिच्या शब्दाखातर वाटल्या. आमच्यात पत्रिका घरी जाऊन, हातात अक्षता देऊन द्यायची असते. खानापूर, लोंढा करत पार कणकुंबीपर्यंत गेलो.

ती उठली नाही.

फोन करवेना. ज्या उंबऱ्यावर अक्षता दिल्या, तिथं तोंडानंच सांगायला हवं. त्याच वाटेनं परत निघालो.

शेवटचं घर कणकुंबीचं. माझी मावसबहीण, आमची आक्का, अंगणातच होती. लांबूनच ओरडली,

"ये रं आप्पा! मागल्या खेपेला दिलीस की पत्रिका. इसरलास व्हय? म्हातारा झालास रं!"

आणि हसत हसत माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

मी उंबऱ्यावरच बसलो.

मेघा, पोरी, जिथं असशील तिथं सुखात ऱ्हा.

तुझा आप्पा.