चौकोनांतली अक्षरं

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी विषय काढला की चहा मागवायचो.

शहापुरात आमचे माग होते. लग्नाच्या साडीच्या पदरावर नवरीचं नाव विणून द्यायची आमच्याकडे पद्धत होती. नाव आधी ग्राफ कागदावर चौकोन भरून काढायचं, मग ते मागावर चढायचं. चौकोनांत वळण बसत नाही. गोल काढायला गेलं की पायऱ्या होतात. त्या पायऱ्यांतूनही डौलदार दिसणारी अक्षरं माझ्या थोरल्या भावाच्या बायकोनं, वैनींनी काढली. अक्षराच्या प्रत्येक उभ्या काठीच्या तळाशी दोन्ही बाजूंना एकेक चौकोन भरून त्यांनी तिला पाय दिले. बाईनं काढलेलं डिझाइन व्यापारी घ्यायचे नाहीत, म्हणून त्याच म्हणाल्या, "तुमचंच म्हणून सांगा, भावजी. काम तर येऊ दे." त्या खोट्यात आम्ही दोघंही होतो. पुढचं खोटं माझ्या एकट्याचं.

अलीकडे माझ्या मुलीनं ते जुने कागद माझेच समजून संगणकावर उतरवून त्यांचा फॉन्ट केला. जुन्या व्हिडिओ गेममधल्यासारखी ही अक्षरं तरुण पोरांना फार आवडली. गेमच्या पडद्यावर, कॉफीच्या कपांवर, लग्नपत्रिकांवर, निपाणीतल्या एका बेकरीच्या पाटीवरही ती दिसू लागली. तिथल्याच एका कॉलेजात माझा सत्कार ठेवला. वैनी पहिल्या रांगेत होत्या. आता ना व्यापारी उरले होते, ना माग; भ्यायचं काहीच कारण नव्हतं. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "अक्षरांना पाय का दिले, काका?"

"शोभेसाठी," मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

परतताना गाडीत वैनी म्हणाल्या, "लई झ्याक बोललासा, भावजी. कधी पदर घेतलाय काय खांद्यावर?"

गाडी चालवणारी मुलगी हसली. "आप्पा कशाला पदर घेतील, काकू?"

"व्हय की. पदर चुरगळला की बारीक काठी दिसत न्हाय गं. नाव वाचता यावं म्हणून पाय. शोभेला न्हवं."

मुलीनं हसणं थांबवून आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. वैनींनी पुढं काही सांगितलं नाही. मी बोलावं म्हणूनच त्या थांबल्या असाव्यात.

काही दिवसांनी खासबागेत त्यांच्या घरी गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं होतं.

"काय काम काढलंसा?"

"काय न्हाय. सहज आलतो."

त्यांनी पोहे केले. मी गुडघ्यांविषयी बोललो, नळाला पाणी येत नाही त्याविषयी बोललो. निघताना त्या दारापर्यंत आल्या, चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि काय, भावजी?"

"बरंय, येतो," म्हणून मी पायऱ्या उतरलो. पुन्हा भेट झाली नाही. त्या पावसाळ्यात त्या गेल्या.

मुलीला आता सगळं सांगितलं आहे. फॉन्टवर वैनींचं नाव चढलं. ते सोपं होतं. त्या दारात बोलायचं होतं ते इतकंच: वैनी, अक्षरं तुमची होती आणि तुमच्यासमोर उभं राहून मी ती माझी केली. माझं चुकलं.