दुर्बिणीत सापडलेला कुरडईचोर

मंडळी, पक्षी पाहायला घेतलेल्या कॅमेरावाल्या दुर्बिणीनं आज मला अमरावतीतल्या माझ्याच गच्चीवर कोंडलं आहे.

समोरच्या काकू तरातरा वर आल्या. "भाऊ, आमच्या कुरडया वाळायच्या आधीच सरून राहिल्या. तुमच्या दुर्बिणीत चोर सापडला काय? दाखवा मले!"

सापडला होता, तोही फोटोसकट. डॉक्टरांनी मीठ बंद केलेले त्यांचेच यजमान, तोंडात ओली कुरडई, मुठीत आणखी दोन. आता काकूंच्या मागं उभे राहून ते मला हात जोडून राहिले होते.

नुसतं पाहिलं असतं, तर माकडाचं नाव सांगून सुटलो असतो.

काकू जिन्याच्या दारातच बसल्या आहेत. फोटो पाहायला चष्मा हवा म्हणून काकांनाच पाठवलंय, आणि ते अर्ध्या तासापासून शोधतच आहेत.

तेवढ्यात कोणी सांगाल काय, या दुर्बिणीतला फोटो पुसायचं बटन कुठं असते?