मेंढरं आत वळली ती दुपार

या सदरात लिहिणाऱ्यांतली मी नव्हे. भूत, चकवा, भानामती... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलते. तरीही लिहितेय, कारण हे मी एकटीने पाहिलेलं नाही. भर दुपारी, केंद्रातल्या सगळ्यांनी पाहिलंय.

सोलापुरात अक्कलकोट रोडला, वस्ती विरळ होते तिथे आमचं निवारा केंद्र आहे. तुरुंगातून सुटलेली, पण घरी जाता न आलेली माणसं काही महिने इथे राहतात. त्यांची कागदपत्रं काढून द्यायची, काम शोधून द्यायचं... मी तिथली सुपरवायझर.

गेल्या हिवाळ्यात बिरा आला. माळशिरसकडचा मेंढपाळ. चराईवरून भांडण झालं, त्याच्या काठीने चुलतभाऊ गेला आणि याला जन्मठेप झाली; ती भोगून सुटला होता. अंगाने धिप्पाड, पण दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्याशी थांबायचा — कुणीतरी "जा" म्हणेपर्यंत. सुटून आलेल्या बऱ्याच जणांचं सुरुवातीला असं होतं. बिराची सवय मात्र सुटेना.

मी त्याच्या भावाला फोन लावला. बिरा समोरच बसला होता, पलीकडचं त्यालाही ऐकू येत होतं.

"मॅडम, त्येला हिकडं धाडू नका. पोरी लग्नाच्या हायत. आमच्यासाठी त्यो मेलाय."

त्या दिवसापासून बिराने जेवण टाकलं. मागच्या खोलीत, खिडकी लावून, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डॉक्टर झाले, समुपदेशक झाले... हा माणूस आता हातचा जाणार, असं मला वाटू लागलं.

आणि ती दुपार. रस्त्याने मेंढरांचा कळप चालला होता. आमचं फाटक उघडं. अचानक मेंढरं आत वळली — सगळीच्या सगळी! मेथीचा वाफा अगदी वाटेत. मी ओरडत धावले. पण एकाही मेंढराने मेथीला तोंड लावलं नाही. ओरडणंही नाही. बिराच्या बंद खिडकीखाली गेली आणि तिकडे तोंड करून उभी राहिली. नुसती उभी.

मागून म्हातारा मेंढपाळ पळत आला. शिट्ट्या मारल्या, काठी आपटली. एक हलेना.

"आसं कवाच केलं न्हाय ओ बाई," तो घाबरून म्हणाला. "सारी माज्याच हातची हायती. हितं आत कोन हाय?"

तेवढ्यात बिरा बाहेर आला. कुणी "जा" म्हटलं नव्हतं. तो सरळ मेंढरांत शिरला, खाली बसला, एका मेंढीच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत रडला. तेव्हा कुठे मेंढरं ओरडायला लागली, सगळी एकदम.

"बिरा, ही आल्याचं तुला कळलं कसं?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हाक मारली की, बाई. नावानं. तुमी न्हाय ऐकली?"

"कुणी मारली?"

तो मेंढीच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

म्हातारा अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचा. त्याला जोडीला माणूस हवाच होता. बिराच्या हातून काय घडलं ते मी लपवलं नाही. ऐकून त्याने काठी भिंतीला टेकवली. मग बिराला एवढंच म्हणाला, "जेवलास का रं?"

त्या दिवशी बिरा जेवला. सगळे सोपस्कार रीतसर झाल्यावर त्याच्याबरोबर गेला. आजही तिथेच आहे.

माझे दीर जनावरांचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "एक मेंढरू वळलं की बाकीची वळतातच." असेल... पण पहिलं का वळलं? आणि हाक कुणाची?

मध्यंतरी फोनवर बिराला पुन्हा विचारलं. पलीकडे वारा नुसता घोंघावत होता.

"त्ये ऱ्हाऊ द्या की, बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती.

मग मीही विचारणं सोडलं.