न्हाव्याचं एक वाक्य

आमच्या गावचा न्हावी आन्सेल्म बोलताना अडखळायचा. त्याचा 'नमस्कार' पुरा होईपर्यंत गिऱ्हाइकाची अर्धी दाढी होऊन जायची. आणि या बाबाचं मन बसलं कुणावर, तर टपालकचेरीतल्या विधवा बेर्तवर! तिची जीभ त्याच्या वस्तऱ्याहून धारदार. माझ्याच कॅफेत, चारचौघांत तिने त्याला सुनावलं, "लग्नात महापौरांसमोर 'हो' म्हणता म्हणता तुला संध्याकाळ होईल. एक अख्खं वाक्य न अडखळता बोलून दाखव, मग बघू."

दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. पॅरिसहून सिनेमावाले आले, खुनाचा सिनेमा काढायला. त्यांना न्हावी हवा होता, तो आयता मिळाला. पोलीस विचारणार आणि न्हाव्याने सांगायचं, "त्या रात्री माझ्याकडे कोणीच आलं नव्हतं, साहेब." बस्स, एवढंच. चौकात दोर बांधून आम्हाला लांब ठेवलेलं. दुपारी आन्सेल्म धापा टाकत आला. "बो... बोललो मी. स... सलग."

"पडद्यावर ऐकेन तेव्हा खरं," बेर्त म्हणाली.

हिवाळ्यात सिनेमा लागला. गाव लोटलं. सिनेमा कसला, डोंगर पोखरून उंदीर! खुनी कोण ते शेंबड्या पोरालाही आधीच कळलं. शेवटी एकदाचा आन्सेल्म दिसला, त्याचे ओठ हलले, आणि आवाज आला भलत्याच माणसाचा, जाडा, रुबाबदार. मेल्यांनी पॅरिसात मागाहून दुसऱ्या नटाचा आवाज चिकटवला होता. आन्सेल्मला सांगायची तसदी कोण घेतो? हसून हसून आमची पोटं दुखली.

रविवारी चर्च सुटल्यावर कॅफे गच्च भरलेला. आन्सेल्म आला, टोपी काढून बेर्तच्या टेबलापाशी उभा राहिला.

"त्या रात्री माझ्याकडे कोणीच आलं नव्हतं, साहेब."

सलग. कुठे म्हणून ठेच नाही.

बेर्तने ग्लास खाली ठेवला. "नक्कल बरी करतोस रे. पण त्या सिनेमातल्या माणसाची सर नाही."

त्याला सांगायचं होतं, ते माझंच वाक्य. "ते मा... मा..."

"आईला हाक मारतोय बिचारा," कोळसेवाला ल्युसियाँ म्हणाला, आणि असा हशा पिकला की माझ्या हातातली बशी पडली.

वसंतात बेर्तने त्याच ल्युसियाँशी लग्न लावलं. सकाळी नवरदेवाची दाढी आन्सेल्मनेच केली, गावात दुसरा न्हावी कुठला? खुर्चीत बसता बसता ल्युसियाँ म्हणाला, "काय रे, त्या रात्री कोणी आलं होतं का?"

आन्सेल्मने नुसती नकारार्थी मान हलवली आणि त्याच्या गालाला फेस लावला.